थांबलेल्या ट्रकचा हिशोब

वरूड-मोर्शीकडून निघालेला संत्र्यांचा ट्रक नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत साधारण बारा-तेराशे किलोमीटर पळतो आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावला पोचतो. तिथून पेट्रापोलची सीमा अगदी जवळ. पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. एवढा पल्ला दोन-तीन दिवसांत मारलेला ड्रायव्हर इथे इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि नंबर लागायची वाट बघत बसतो. पेट्रापोलला अनेक वर्षं असं होतं की पळण्यापेक्षा थांबण्यात जास्त दिवस जायचे.

या थांबण्याचा अभ्यास करून पगार घेणारी माणसं जगात आहेत. जागतिक बँक, मनिलाची आशियाई विकास बँक, बँकॉकला मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिक आयोग, जिनिव्हातली व्यापार आणि विकासविषयक संस्था अशा ठिकाणी त्यांना पायाभूत सुविधा आणि लॉजिस्टिक्सचे अर्थतज्ज्ञ म्हणतात. घरच्यांना आपलं काम समजावताना यांची पंचाईत होते. ‘रस्ते बांधतोस का?’ नाही. ‘मग कर्ज देतोस का?’ तेही नाही. रस्त्याचा आराखडा इंजिनिअर करतो, कर्जाची कागदपत्रं वित्त आणि कायद्याची माणसं बघतात. अर्थतज्ज्ञाला विचारलेलं असतं ते वेगळंच: माल नेमका कुठे अडतो, तो अडल्यामुळे कुणाचं किती जातं, आणि इथे पैसा घातला तर तो वसूल होईल की दुसरीकडे घातला असता तर जास्त भलं झालं असतं?

लॉजिस्टिक्स म्हणजे तरी काय? माल शेतातून किंवा कारखान्यातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत जे जे घडतं ते सगळं. वाहतूक, गोदाम, हमाली, विमा, कस्टम्स, कागदपत्रं आणि वाट पाहणं. यातली वाहतूक सगळ्यांना दिसते, तिच्यावर भाषणं होतात, फिती कापल्या जातात. वाट पाहण्याची फीत कुणी कापत नाही. पण या नोकरीतलं खरं काम तिथेच असतं, असं माझं मत आहे.

काम सुरू होतं मोजण्यापासून. बँकॉकच्या आयोगाने रूढ केलेली एक सोपी पद्धत आहे. कागदावर आडव्या रेषेवर अंतर मांडायचं, उभ्या रेषेवर वेळ. ट्रक पळत असतो तोवर आलेखाची रेष तिरपी चढत जाते. ट्रक थांबला की अंतर वाढत नाही, वेळ मात्र वाढत राहतो, त्यामुळे रेष सह्याद्रीच्या कड्यासारखी सरळ उभी होते. मग वेळेच्या जागी खर्च मांडून हाच आलेख पुन्हा काढायचा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मंत्र्यालाही एका नजरेत कळतं की भानगड हायवेवर नाही, त्या एका ठिपक्यावर आहे. सीमेवर कडा उभा असेल आणि सरकार हायवे सहापदरी करायचं कर्ज मागत असेल, तर ट्रक त्या कड्याच्या पायथ्याशी थोडा लवकर पोचेल, एवढंच.

आकडे मिळवणं मात्र कष्टाचं. फाटकावरच्या नोंदवह्या, ट्रकमध्ये बसवलेलं जीपीएस, ड्रायव्हरच्या मुलाखती, कस्टम्सची कागदपत्रं करून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटच्या कचेरीतल्या फायली, सगळं एकमेकांशी ताडून बघावं लागतं. एकच आकडा धरला की फसगत होते. कस्टम्सचा अधिकारी छातीठोकपणे सांगतो की ‘आमच्याकडे कागद दोन तासांत निघतो’, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याचं घड्याळ कागद टेबलावर आल्यापासून सुरू होतं. ड्रायव्हरचं घड्याळ बनगावात गाडी उभी केल्यापासून सुरू झालेलं असतं. मधल्या काळात पार्किंगमधला नंबर असतो, ड्रायव्हर आणि गाडीला पलीकडे जायची परवानगी देणारा कारपास असतो, फाटकावरची रांग असते. पलीकडे बेनापोलच्या यार्डात जागा हवी, हमाल हवेत, माल उतरवून घ्यायला बांगलादेशी ट्रक हवा, कारण भारतीय ट्रकला तिथून पुढे जाता येत नाही. पेट्रापोल २०१७ पासून चोवीस तास चालू ठेवण्याची व्यवस्था झाली, पण आपली सुट्टी रविवारी आणि त्यांची शुक्रवारी. एका बाजूचं दार उघडं असून भागत नाही.

बंदरांसाठी अशीच मोजणी जागतिक सीमाशुल्क संघटनेने घालून दिलेल्या पद्धतीने होते आणि भारताचं कस्टम्स खातं ती नियमित करतं. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत समुद्री बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी ८५ तासांच्या आसपास लागले. न्हावा शेवाच्या अशा पाहण्यांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे येते: जहाज लागण्याआधीच ज्यांनी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा अर्ज, भरला, त्यांचा माल भराभर सुटतो. म्हणजे ‘कस्टम्सने अडवलं’ असं आपण म्हणतो त्यातला बराच वेळ आयातदाराच्या स्वतःच्या ऑफिसात गेलेला असतो. वेळेचे असे तुकडे पाडल्याशिवाय कुणाला सुधारायचं हेच कळत नाही.

मग त्या वेळेला किंमत लावायची. समजा, एका ट्रकचा हप्ता, विमा, परमिट आणि ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता धरून दिवसाला ३,५०० रुपये खर्च गाडी न हलताही होतो. गाडीत ४० लाखांचं सूत आहे आणि ते घ्यायला मालकाने वर्षाला १२ टक्क्यांनी पैसे उचललेत. त्या ४० लाखांचं एका दिवसाचं व्याज सुमारे १,३१५ रुपये. म्हणजे थांबलेला दिवस पावणेपाच हजारांच्या वर गेला. तीन दिवस थांबली तर साडेचौदा हजार. (आकडे समजुतीपुरते घेतलेत, पण खरा हिशोबही याच वळणाने जातो.) डेव्हिड हमल्स आणि गेओर्ग शाउर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या आयातीवरून असं काढलं होतं की वाटेत गेलेला प्रत्येक जादा दिवस मालाच्या किमतीवर ०.६ ते २.१ टक्के कर बसल्यासारखा पडतो. त्यांनी हे कसं काढलं? काही आयातदार बोटीऐवजी विमानाने माल मागवतात आणि त्यासाठी जास्त भाडं मोजतात. दिवस वाचवायला माणूस स्वखुशीने किती मोजतो, तीच त्या दिवसाची किंमत.

पण उशिरापेक्षाही महाग पडते ती अनिश्चिती, आणि नवख्या अर्थतज्ज्ञाकडून नेमकी तीच निसटते. ढाक्याजवळच्या कापड गिरणीला भारतातून सूत येतं असं धरा. दरवेळी बरोब्बर चार दिवस लागत असतील तर गिरणीमालक निवांत असतो, चार दिवसांचा साठा ठेवतो आणि झोपतो. सरासरी तीनच दिवस, पण कधी एक आणि कधी नऊ, असं असेल तर त्याला नऊ दिवसांचा साठा ठेवावा लागतो. नाहीतर माग बंद पडतात आणि युरोपातली ऑर्डर हुकते. सरासरी कमी होऊनही त्याचा खर्च वाढला. म्हणून मुरलेला माणूस अहवालात सरासरीच्या आधी हा फरक बघतो: शंभरातले शेवटचे पाच ट्रक किती रखडले?

पेट्रापोल-बेनापोलचा हा सगळा हिशोब मांडून जागतिक बँकेने मार्च २०२१ मध्ये पूर्व दक्षिण आशियाच्या वाहतुकीवर एक अहवाल काढला. त्यातली काही वाक्यं वाचून मी दोनदा मागे गेलो. भारतातल्या कंपनीला बांगलादेशातल्या कंपनीशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीतल्या कंपनीशी करणं १५ ते २० टक्क्यांनी स्वस्त पडतं. पेट्रापोल ओलांडायला कित्येक दिवस लागतात, तर तेवढ्याच वर्दळीची सीमा पूर्व आफ्रिकेत सहा तासांच्या आत पार होते. आणि आगरताळ्याची गोष्ट तर नकाशा समोर धरूनच वाचावी. त्रिपुरातला माल कोलकाता बंदरात न्यायचा तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून १,६०० किलोमीटरचा वळसा. बांगलादेशातून सरळ गेलं तर ४५० किलोमीटर. आणि चट्टग्रामचं बंदर तर आगरताळ्यापासून अवघ्या २०० किलोमीटरवर. भारतीय ट्रकना तिथवर जाऊ दिलं तर बंदरापर्यंतचा खर्च ८० टक्क्यांनी उतरेल, असा अहवालाचा अंदाज.

याच अहवालात असंही म्हटलं होतं की दोन्ही देशांमधली वाहतूक विनाअडथळा झाली तर बांगलादेशाचं राष्ट्रीय उत्पन्न १७ टक्क्यांपर्यंत आणि भारताचं ८ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल. वर्तमानपत्रांनी मथळा याचाच केला. एका सीमेवरची रांग हटवून देशाचं उत्पन्न एवढं वाढतं? शंका घेणं रास्त आहे. असे आकडे येतात कुठून ते समजून घ्यायला थोडं मागे, ब्रिटिशांच्या रेल्वेपर्यंत जावं लागेल.

डेव्ह डोनाल्डसन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाला रेल्वेने हिंदुस्थानात काय बदललं ते मोजायचं होतं. अडचण अशी की त्या काळात वाहतुकीला खरा खर्च किती यायचा याची धड नोंद नाही. त्याने मीठ पकडलं. मीठ ठरावीक ठिकाणीच पिकायचं आणि ते कुठलं आहे हे दप्तरात लिहिलेलं असायचं. सांभरचं मीठ सांभरला एका भावाने आणि दूरच्या जिल्ह्यात दुसऱ्या भावाने विकलं जात असेल, तर मधला फरक हाच वाहतुकीचा खर्च. जिल्ह्याजिल्ह्यातले मिठाचे भाव काढून त्याने हा खर्च शोधला, रेल्वे आल्यावर तो किती घटला ते पाहिलं. रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यात शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचं त्याने दाखवलं. वाहतूक स्वस्त झाली की जो जिल्हा जे चांगलं पिकवतो ते जास्त पिकवू लागतो आणि उरलेलं बाहेरून आणतो. फायदा येतो तो या अदलाबदलीतून, नुसत्या वाचलेल्या डिझेलमधून नव्हे.

जागतिक बँकेचे आकडेही याच जातीच्या मांडणीतून येतात. प्रत्येक जिल्हा इतर प्रत्येक जिल्ह्याशी किती खर्चात जोडलेला आहे हे धरून, खर्च घटला तर कारखाने, मजुरी आणि माणसं कुठे सरकतील याचं गणित. गणित पक्कं असतं, पण त्यात ‘विनाअडथळा’ या शब्दावर फार भार असतो. फाटक, कागद, हमाली, परमिट, बंदर, सगळं एकाच वेळी सुरळीत झालं असं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात एक सुधारते आणि तीन जागच्या जागी राहतात. म्हणून असा आकडा दिसला की मी त्याला छताची उंची समजतो, खोलीतल्या माणसाची नाही. अर्थतज्ज्ञांना हे ठाऊक असतं. मथळेवाल्यांना ते ऐकायचं नसतं.

रस्त्याचाच प्रश्न असेल तिथेही हिशोब सरळ नसतो. बारासातहून पेट्रापोलकडे जाणारा जसोर रोड घ्या. दोन्ही बाजूंना शंभरी ओलांडलेले शिरीष, वर फांद्यांची कमान, खाली दोन ट्रक जेमतेम एकमेकांना वाट देतील एवढाच रस्ता. रेल्वेवरचे पाच उड्डाणपूल बांधायचे तर ३५६ झाडं तोडावी लागणार होती. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, आपल्या नागपूरचे, यांच्या खंडपीठापुढे तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत काढायचं सूत्र मांडलं: झाडाचं वय गुणिले ७४,५०० रुपये. त्यात ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे. म्हणजे शंभर वर्षांच्या शिरीषाची किंमत साडेचौऱ्याहत्तर लाख. झाडांचे कैवारी हरखले, सरकारी वकील हादरले.

अर्थतज्ज्ञ यात काय बघेल? पहिलं, झाडाला किंमत लावायचा प्रयत्न झाला हे चांगलंच. ज्याला किंमत लावली नाही त्याची किंमत शून्य धरली जाते, हा प्रकल्प अहवालांचा जुना रोग आहे. दुसरं, सूत्र उलट्या दिशेने बघतं. झाडाने मागे शंभर वर्षं काय दिलं याचा गुणाकार करतं. तोडायचं की नाही हे मात्र ते पुढे किती वर्षं काय देईल यावर ठरायला हवं. तिसरी अडचण जास्त टोचणारी आहे आणि ती अर्थतज्ज्ञांच्याच घरची आहे. भविष्यातल्या फायद्याची आजची किंमत काढताना दरवर्षी काही टक्के कापायचे असा रिवाज आहे. आशियाई विकास बँक रस्त्यांसारख्या प्रकल्पांना ९ टक्के लावते. या दराने पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १ रुपया ३४ पैसे होते. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची, जेमतेम दोन पैसे. उड्डाणपुलाचा फायदा पहिल्या वर्षापासून मिळतो, नव्याने लावलेल्या रोपाची सावली नातवंडांना. हा दर लावला की पूल जवळजवळ दरवेळी जिंकतो. दर किती धरायचा हा गणिताचा प्रश्न असल्याचं दाखवलं जातं, पण पुढच्या पिढीला आपण किती मोजतो हेच त्यात ठरत असतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झाडं तोडण्याची परवानगी कायम ठेवली.

बेनापोलच्या पुढची गोष्ट पद्मा नदीची. ढाक्याला जाणाऱ्या ट्रकला ही नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे. दाट धुकं पडलं, पाणी चढलं, ईद आली, की रांगा. आलेखात इथे आणखी एक कडा. पूल झाला तर किती वाचेल हे कुठल्याही अर्थतज्ज्ञाने डोळे मिटून सांगितलं असतं आणि जागतिक बँक त्यासाठी १२० कोटी डॉलर द्यायला तयारही झाली होती. जून २०१२ मध्ये भ्रष्टाचाराच्या संशयावरून बँकेने हात काढून घेतला. बांगलादेशाने हट्टाने स्वतःच्या पैशाने ६.१५ किलोमीटरचा पूल बांधायला घेतला. २०१७ मध्ये कॅनडाच्या न्यायालयात त्याच प्रकरणातला खटला टिकला नाही आणि २५ जून २०२२ ला पुलाचं उद्घाटन झालं. फायदा-तोट्याचा तक्ता कितीही चोख असला तरी प्रकल्प त्यावर उभा राहत नाही, हे या नोकरीत आलेल्या माणसाला पद्मेने पुरतं शिकवलं.

रांग का हटत नाही, याचं उत्तर बरेचदा कुणाच्या तरी चुलीपाशी सापडतं. ट्रक थांबतो तेव्हा पार्किंगचे पैसे कुणाला तरी मिळतात. जेवणावळी, टायरवाले, नंबर पुढे घेऊन देणारे, गोदामवाले, सगळ्यांचं पोट त्या थांबण्यावर असतं. हे फक्त बनगावचं नाही. मध्य आफ्रिकेत कॅमेरूनच्या दुआला बंदरातून चाडची राजधानी एन्जामेनाला जाणाऱ्या मालाचं बघा. कुणाच्या ट्रकने किती माल न्यायचा याचे देशादेशांत वाटे ठरलेले, आणि ट्रकना माल पाळीने मिळणार. चांगली गाडी असो की खटारा, नंबर आला की माल. मग चांगली गाडी कुणी कशाला घेईल? सुपी तेरावनिंथोर्न आणि गाएल राबालां यांनी जागतिक बँकेच्या २००९ च्या अभ्यासात दाखवलं की आफ्रिकेत ट्रक चालवण्याचा खर्च युरोपापेक्षा फार वेगळा नाही, पण भाडं मात्र भरमसाट आहे. मधला फरक मक्तेदारीच्या खिशात. रवांडाने १९९४ नंतर हे बंधन काढलं आणि भाडं ३० टक्क्यांहून जास्त उतरलं. एक किलोमीटर डांबर न घालता.

याच राबालांनी पुढे सहकाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या बंदरांचा अभ्यास केला. दक्षिण आफ्रिकेतलं दरबान सोडलं तर तिथल्या बहुतेक बंदरांत कंटेनर वीस-वीस दिवस पडून राहायचा. सगळे म्हणायचे, क्रेन जुन्या, धक्का अपुरा, कर्ज द्या. खोदल्यावर निघालं की अनेक आयातदारांनाच माल लवकर सोडवायचा नसतो. बंदराचं भाडं गावातल्या गोदामापेक्षा स्वस्त. शिवाय बाजारात एक-दोनच मोठे आयातदार असतील तर माल हळूहळू सोडलेला त्यांना परवडतो आणि नव्या माणसाला हा कारभार जमत नाही. इथे नवा धक्का बांधला असता तर स्वस्त गोदामच मोठं झालं असतं. मला हा अभ्यास या साऱ्या विषयातला सगळ्यात आवडता वाटतो, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेतल्याच माणसांनी ‘इथे कर्ज देऊन उपयोग नाही’ असं लिहिलं. बँकेत बढती कर्ज मंजूर करून मिळते, असं आतली माणसंच सांगतात. तिथे असं लिहायला जिगर लागते.

क्रमवारीचं प्रकरण थोडक्यात. जागतिक बँक २००७ पासून देशांच्या लॉजिस्टिक्सची क्रमवारी काढते. भारत २०१८ मध्ये ४४ वा होता, २०२३ मध्ये १३९ देशांत ३८ वा. ही क्रमवारी मुख्यतः माल पाठवणाऱ्या व्यावसायिकांना विचारून बनते, २०२३ पासून कंटेनरच्या प्रत्यक्ष हालचालींची माहितीही जोडली गेली. सहा पायऱ्या वर गेलो की मंत्रालयात पेढे, खाली गेलो की ‘पद्धतच चुकीची’. बँकेची दुसरी गाजलेली क्रमवारी, व्यवसायसुलभतेची, आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये कायमची बंद करावी लागली. आपल्याकडचा किस्सा याहून गमतीचा आहे. भारताचा लॉजिस्टिक्स खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, असं वर्षानुवर्षं प्रत्येक परिषदेत सांगितलं जायचं. दिल्लीच्या एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने २०२३ च्या शेवटी नीट मोजून २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के काढला. रस्ते रातोरात सुधारले नव्हते. आधीचा आकडाच कुणी धड मोजलेला नव्हता.

या नोकरीत शिरायचं तर अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि संख्याशास्त्रावर घट्ट पकड लागते. पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणांहून बाहेर जाणारी मुलं असतात, काही आधी सिव्हिल इंजिनिअर असतात. बहुतेकांची सुरुवात कायम नोकरीने होत नाही, काही महिन्यांच्या सल्लागाराच्या करारांवर होते. एक करार संपायच्या आत दुसरा शोधायचा. बाहेरून हे परदेश दौऱ्यांचं झगमगतं काम दिसतं. आतून बघाल तर सरकारी पाहुणचार, न सापडणारी फाईल, आणि मसुद्यातला ‘अकार्यक्षम’ हा शब्द काढून ‘सुधारणेस वाव असलेली’ असं लिहिण्यावर झालेल्या तीन बैठका. अहवाल सदस्य सरकारांना दाखवल्याशिवाय बाहेर पडत नाही, त्यामुळे धार बोथट होते. तरी आकडे तक्त्यात तसेच राहतात, आणि वाचणारा ते वाचतो.

पेट्रापोलला पुढे बदल झाले. पश्चिम बंगाल सरकारने २०२२ पासून ‘सुविधा’ नावाने ट्रकसाठी ऑनलाइन वेळ आरक्षित करण्याची सोय आणली. तिचं शुल्क भरावं लागतं म्हणून निर्यातदारांनी कुरकुर केली, पण गाडीचा दिवस आधी ठरू लागला. वर हिशोब केलेली अनिश्चिती तिने कमी केली. आपल्या विदर्भातल्या संत्रेवाल्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. बांगलादेशाने संत्र्यांवरचं आयात शुल्क किलोला २० रुपयांच्या घरातून २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेलं. शुल्क एवढं असताना रांगेतले दोन दिवस वाचून काय होणार? कांदेवाल्यांनी तर आपल्याच सरकारचा फटका खाल्लेला. १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली तेव्हा कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर उभे होते आणि माल गाडीतच सडला. त्या रांगेला ना रस्ता कारणीभूत होता, ना क्रेन.

एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतातलं सूत जमिनीवरच्या सीमेवरून घेणं थांबवलं. १७ मे २०२५ ला भारताने बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरून येऊ देणं बंद केलं आणि ते फक्त दोन बंदरांतून येतील असं ठरवलं, कोलकाता आणि न्हावा शेवा. ढाक्याहून बेनापोलमार्गे दिल्लीच्या दुकानात जाणारा शर्ट आता श्रीलंकेला वळसा घालून उरणला उतरू शकतो आणि तिथून कंटेनरने उत्तरेकडे निघतो. अर्थतज्ज्ञाला आलेख नव्याने काढावा लागतो. आडवी रेष हजारो किलोमीटरची होते, आणि २०२१ च्या अहवालातला पेट्रापोलचा तो कडा या मालासाठी पार नाहीसा होतो, कारण हा माल तिथून आता जातच नाही.